सातवं मिनिट

कोडगीबैल, ता. शिरसी
१२ ऑक्टोबर २००९

चि. वेदावती,

तुझं पत्र आणि सीडीची रिकामी डबी, दोन्ही पोचलं. तुझ्या आईनं, म्हणजे आमच्या मावशीनं, जन्मात कुणाचा डबा रिकामा परत केला नाही. काही नसलं तर दोन सुपाऱ्या टाकायची. ती रीत तू मोडलीस, एवढं मी वहीत लिहून ठेवलंय.

फोन करत जाऊ नकोस. मला निम्मंच ऐकू येतं, उरलेलं निम्मं मी मनाचं घालतो आणि मग घोटाळे होतात. कागद बरा.

तुझ्या आरोग्य केंद्रातल्या डॉक्टर मेटगूडांनी विचारलंय की नर्सबायांनी फिल्म पाहिल्याची नोंद ठेवणारा माझा हा प्रोग्राम नेमकं करतो काय. त्यांना हे वाचून दाखव. फिल्म चालवणारा भाग कंप्युटरच्या पोटात आधीपासून असतो, तो माझा नव्हे. तो आपलं काम करता करता हाका देतो. सुरू झालो. थांबलो. पुन्हा सुरू झालो. संपलो. माझा प्रोग्राम म्हणजे दारात पाटावर बसलेला म्हातारा. हाक आली की घड्याळ बघतो आणि वहीत लिहितो. शेवटी 'संपलो' ही हाक आली आणि मधे 'थांबलो' सहापेक्षा जास्त वेळा आलं नाही, तर त्या नर्सबाईंच्या नावापुढे 'पूर्ण पाहिली'. नाहीतर 'अपूर्ण'. सहाचा आकडा डॉक्टरांनी सांगितला आणि मी मान डोलावली. सव्वीस वर्षं टीव्ही-व्हिडिओ दुरुस्तीचं दुकान चालवलंय. वारंवार थांबवणारा माणूस एक तर चहाला उठतो नाहीतर पेंगतो, हे मला कुणी शिकवायला नको.

मी शंभर वेळा चालवून पाहिलाय. सुरुवात बघतो, मग खालची पट्टी ओढून थेट शेवटाला नेतो, 'संपलो' नीट उमटलं की झालं. आवाज बंदच ठेवतो. फिल्म आहे नुकत्या जन्मलेल्या बाळाला पहिला श्वास कसा द्यावा याची, आणि ती लागली की तुझी वहिनी, तुझी सरोजा अत्तिगे, उठून मागच्या अंगणात जाते. आमच्या घरात पाळणा एकदाच टांगला होता आणि तो रिकामाच उतरवला, हे तुला माहीत आहे. 

दहा डिसेंबरला जिल्ह्याच्या गावी मला प्रोग्राम दाखवायला बोलावलंय. पसंत पडला तर नऊ तालुक्यांत लागेल. धाकटी बहीण म्हणून तुला खरं सांगतो, तंगी, थकलोय. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू, उजवा त्याची वाट बघतोय. पण दहावी नापास माणसानं पुस्तकं उघडून, चुकत-माकत शिकलेलं काही नऊ तालुक्यांत चालणार म्हटलं की सकाळी उठायला कारण मिळतं.

तुझा,
सीताराम अण्णा

० ० ०

होसाकेरी
२९ ऑक्टोबर २००९

ती. अण्णा आणि अत्तिगे यांना वेदावतीचा नमस्कार.

डबीचा टोला बसला. पुढच्या खेपेला काही तरी घालीन.

तुमचं वर्णन डॉक्टरांना वाचून दाखवलं. पाटावरचा म्हातारा त्यांना फार आवडला. महिन्याचा कागद निघाला की आता विचारतात, 'तुझे आजोबा काय म्हणतात?'

आजोबा म्हणतात ते असं. बत्तीस नर्सबायांपैकी एकतीस जणींची 'पूर्ण पाहिली'. एकटीची 'अपूर्ण'. तिचीच गेल्या महिन्यातही 'अपूर्ण' होती. एकेचाळीस वेळा 'थांबलो'. वीस मिनिटांच्या फिल्ममध्ये एकेचाळीस वेळा, अण्णा.

तिचं नाव फिलोमिना. घाटातल्या केळगिनमनेच्या उपकेंद्रात एकोणतीस वर्षं आहे, निवृत्तीला चौदा महिने उरलेत. वरून आलेला नियम तुम्हाला सांगितलाच नव्हता, कारण कुणावर वेळ येईल असं वाटलं नव्हतं. सलग दोनदा 'अपूर्ण' आली तर त्या नर्सनं बाळंतपण करायचं नाही. तिला खाली लशीच्या गोदामात बसवायचं आणि उपकेंद्रातली बाळंतिणीची खोली बंद. केळगिनमनेहून इथवर अडतीस किलोमीटर घाट आहे आणि बस दिवसाला दोन. वेणा बसचं वेळापत्रक बघून येत नाहीत.

डॉक्टर मेटगूड वाईट माणूस नाही. वरचे कागद मागतात, तो कागद देतो. दोन्ही महिन्यांचे कागद, शेऱ्याच्या रकान्यात जे लिहायचं ते लिहून, वर गेलेत.

क्षणभर मनात आलं, प्रोग्रामचंच काही चुकत असेल का? मग वाटलं, एकतीस जणींचं बरोबर आणि एकीचंच चूक असं यंत्र करत नाही. तुम्ही बनवलेलं तर नाहीच. ती थकली असेल. वय झालंय.

अत्तिगेंना सांगा, त्यांच्या हातच्या अप्पेहुळीची, त्या कैरीच्या साराची, आठवण येते. इथल्या खानावळीत आंबट म्हणजे नुसती चिंच.

तुमची,
वेदावती

० ० ०

कोडगीबैल
५ नोव्हेंबर २००९

चि. वेदावती,

यंत्रावर विश्वास ठेवलास ते योग्य केलंस. म्हाताऱ्यानं जे ऐकलं ते लिहिलं. त्याला फिलोमिना ठाऊक नाही आणि तिचं वयही ठाऊक नाही. माणसाच्या नोंदीत तोंड बघून साखर पडते, यंत्राच्या नाही. म्हणून तर ते लावलं.

तरी एकेचाळीस हा आकडा घशाखाली उतरेना. चहाला उठणारा माणूस दोनदा उठेल, तीनदा उठेल. पेंगणारा एकदा पेंगतो आणि मग थेट घोरतो. एकेचाळीस वेळा दचकून जागं होणारी बाई मी पाहिली नाही. सरोजा म्हणाली, 'मी पाहिलीय. तुमच्या घोरण्यापायी रोज होते.'

तर असं कर. पूर्ण यादी छापून पाठव, नुसता आकडा नको. प्रत्येक 'थांबलो' कितव्या मिनिटाला, कितव्या सेकंदाला, आणि पुन्हा 'सुरू' कधी. आणि त्या बाईंनाच विचार की. म्हाताऱ्याला काय विचारतेस, माणूस शेजारी बसलेला असताना?

बागेत यंदा सुपारी बरी आहे, उतरवणारी माणसं मिळत नाहीत. वर चढायचे ते सगळे खाली बंगळूरला गेले.

अण्णा

० ० ०

होसाकेरी
१६ नोव्हेंबर २००९

ती. अण्णा,

यादी सोबत आहे. दोन पानं भरली. मला त्यात एवढंच दिसलं की सगळी थांबणी सात ते सव्वाआठ मिनिटांच्या मधली आहेत. सात बारा, सात चाळीस, आठ दोन, परत तेच. त्याआधी एक नाही, नंतर एक नाही. आणि 'थांबलो' आणि 'सुरू' एकाच सेकंदात. इतक्यात चहाचा कपसुद्धा उचलला जात नाही. तुम्हाला यातून काही कळलं तर कळवा.

फिलोमिनाबाईंना विचारलं. त्या खुर्चीत चप्पल काढून, पाय वर घेऊन बसल्या होत्या. म्हणाल्या, 'यंत्र म्हणतं तर थांबले असेन, बाय.' मी म्हटलं, असेन म्हणजे? थांबलात की नाही? तर म्हणाल्या, 'तुमच्याकडे लिहिलेलं आहे ना? मग मला कशाला विचारतेस.' एवढं बोलून चष्मा पुसत बसल्या. माझं डोकं फिरलं. जिची खोली बंद होणार तिला त्याची काही फिकीर नाही आणि मी मात्र दोन पानं छापतेय. मी दोन शब्द जास्त बोलले. त्यांनी ऐकून घेतले.

आणखी एक. एकतीस जणी कशा बसतात ते परवा दारातून पाहिलं. हात मांडीवर, जणू देवळात. माउसला कुणी बोट लावत नाही. आपसात ठरवलंय त्यांनी, हात लावला की नोंद होते. बंकीकोडलची रत्नाक्का तर डोळे मिटून बसली होती. फिल्म आपली आपण चालली, आपली आपण संपली, आणि रत्नाक्काच्या नावापुढे 'पूर्ण पाहिली' आलं. मी हसले. मग हसू आलं नाही.

वेदावती

० ० ०

कोडगीबैल
२४ नोव्हेंबर २००९

चि. वेदावती,

यादी मिळाली. पाहिली.

सोबत नवी सीडी आहे. किरकोळ सुधारणा केल्यात, जुनी काढून ही घाल. माउस जुना असेल तर तोही बदल, जुने माउस एका दाबाचे दोन दाब करतात, त्यानंही आकडे फुगतात.

डॉक्टरांना यातलं काही आत्ता सांगायची घाई करू नकोस. दहा तारखेला सोळाच दिवस उरलेत. ते एकदा पार पडू दे, मग निवांत बसून बघू.

डोळ्यामुळे जास्त लिहवत नाही. सरोजा बरी आहे.

अण्णा

० ० ०

होसाकेरी
३ डिसेंबर २००९

ती. अण्णा,

सोमवारी फिलोमिनाबाईंचा आदेश आला. एक जानेवारीपासून लशीचं गोदाम. केळगिनमनेच्या खोलीची किल्ली इथं जमा करायची. त्यांनी तो कागद घडी घालून ब्लाउजमध्ये ठेवला आणि विचारलं, 'आज फिल्म बघता येईल का?' आता बघून काय करणार असं तोंडावर आलं होतं, पण गिळलं.

तुमची नवी सीडी घातली होती. मी खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी बसले. दोन महिन्यांत पहिल्यांदा. यंत्र बघतंय म्हणून मी बघितलंच नव्हतं.

सहा मिनिटं त्या हलल्या नाहीत. सातव्या मिनिटाला फिल्ममधली बाई बाळाच्या तोंडावर मुखवटा धरते, अंगठा आणि बोटाचं कडं करून, आणि दुसऱ्या हातानं रबरी फुगा दाबते. दाब, दोन, तीन. दाब, दोन, तीन. पन्नास सेकंदांचं काम आहे, मग फिल्म लगेच आकडेवारीकडे जाते. फिलोमिनाबाईंनी खालची पट्टी धरून थोडी मागे ओढली. परत तेच. त्यांचा डावा हात मांडीवर होता आणि हवेतल्या हवेत फुगा दाबत होता. परत मागे. परत. मी नऊ मोजले.

मी विचारलं, 'फिलोमिनाबाई, कळत नाही का नीट?'

'कळलं तर पहिल्या खेपेलाच, बाय.'

'मग?'

'डोक्याला कळलं. हाताला कुठं कळलंय अजून.'

मग बोलल्या. पडद्याकडेच बघत बोलल्या. 'मला शिकवलं तसं मी करत आले. बाळ रडलं नाही की पाय धरून उलटं करायचं, पाठीवर चापट द्यायची. एकोणतीस वर्षं केलं. पुष्कळ रडली. काही नाही रडली. आता ही बाई म्हणते, उलटं धरायचं नाही, चापट द्यायची नाही. बरं, नाही देत. पण समोर निळं बाळ असलं की मी विचार करते होय? हातच पुढं जातो. त्या हाताला शिकवायचंय. तो म्हातारा आहे, एकदा सांगून ऐकत नाही.'

मी म्हटलं, मग हे डॉक्टरांना आधीच का नाही सांगितलंत. त्या पहिल्यांदाच माझ्याकडे वळल्या. 'काय सांगू? इतकी वर्षं चुकीचं करत होते, असं सांगू? केळगिनमनेत ज्यांची नाही रडली त्या आया अजून रस्त्यात भेटतात मला.'

अण्णा, मी एक गोष्ट तुमच्यापासून लपवली. दोन्ही कागदांवरचा शेरा माझ्या हातचा आहे. 'काम करताना पेंगते, लक्ष नाही.' मी न बघता लिहिला. आणि ज्या बाईवर लिहिला तिनंच मला पहिलं बाळंतपण शिकवलं, तेव्हा मी वीस वर्षांची होते. तिनं मागं उभं राहून माझी कंबर धरली होती, पडू नये म्हणून.

आता तुमचं. फिल्म संपल्यावर मी नोंद छापली. नव्या सीडीत एक नवा रकाना आहे, 'मागे नेली'. त्यात नऊ. आणि 'थांबलो'च्या रकान्यात शून्य. म्हणजे तीच बाई, तेच काम, तीच फिल्म, आणि आता 'पूर्ण पाहिली'. माउस मी बदललेला नाही, अण्णा.

किरकोळ सुधारणा म्हणालात. तुम्हाला कधी कळलं?

वेदावती

० ० ०

कोडगीबैल
७ डिसेंबर २००९

चि. वेदावती,

तुझी दोन पानं आली त्याच दुपारी कळलं. एकाच सेकंदात कुणी माणूस थांबत नाही आणि सुरू होत नाही. ते यंत्रच करतं. आणि यंत्राला ते करायला मी सांगितलं होतं.

कसं ते सांगतो, कारण तुला सांगितलं की मला डॉक्टरांना सांगता येईल. दुकानात भिंतीवर मी मोठ्या अक्षरात पाटी लावली होती: 'मागे घेण्याआधी थांबवा.' व्हिडिओ कॅसेट चालत्या चालत्या मागे ओढली की फीत चुरगळते, यंत्राचं डोकं झिजतं. आधी थांबव, मग मागे घे, मग चालव. सव्वीस वर्षं प्रत्येक गिऱ्हाइकाला हेच सांगितलं. लोक हसायचे, सीताराम हेगडे देवाचं नाव कमी घेतो आणि हे जास्त म्हणतो. प्रोग्राम लिहिताना कुणी पट्टी ओढली तर काय करावं या जागी माझ्या हातानं तेच लिहिलं. थांबव, मागे घे, चालव. कंप्युटरात फीत नाही. चुरगळायला काही नाही. नुसतं जागेवर नेलं तरी चालतं. पण हाताला ते ठाऊक नव्हतं. मग यंत्र थांबलं की त्यानं 'थांबलो' अशी हाक दिली, आणि दारातल्या म्हाताऱ्यानं ती प्रामाणिकपणे बाईंच्या नावावर लिहिली. मी पट्टी शेवटाला ओढायचो तेव्हा दर वेळी एक 'थांबलो' उमटायचं. मला वाटायचं, माझंच बोट लागलं असेल. शंभर वेळा वाटलं.

सुधारायला एक ओळ खोडली. एकच. मग नवा रकाना घातला आणि तुला किरकोळ म्हणून लिहिलं. नऊ तालुके डोळ्यांपुढे होते. वाटलं, नवी सीडी गेली की इथून पुढे बरोबर येईल, मागचं मागे राहील. मागचं ज्या बाईच्या डोक्यावर होतं तिचं तोंड मी पाहिलेलं नव्हतं, म्हणून असं वाटू शकलं. एकतीस जणींचे हात मांडीवर बसले, तेही माझ्याच वहीच्या भीतीनं. जी खरंच शिकत होती तेवढीच माझ्या यंत्रानं पकडली. कुंपणानं शेत खावं तसं झालं हे.

तुझं पत्र सरोजाला वाचून दाखवलं. फिलोमिनाबाईंचं बोलणं आलं तेव्हा ती मागच्या अंगणात गेली नाही. ओच्यातली सुपारी तशीच धरून बसली. मग म्हणाली, 'लोकांचे टीव्ही उघडून दोष दाखवायचात तेव्हा गिऱ्हाइकाला समोर बसवायचात. आता आपलं झाकण उघडायची वेळ आली तर दुकान बंद होय?'

दहा तारखेला मी जाईन आणि फिल्म दाखवायच्या आधी हे सांगेन. सोबत डॉक्टर मेटगूडांच्या नावे चिठ्ठी आहे. तीत लिहिलंय की दोन्ही महिन्यांच्या नोंदी चुकीच्या आहेत, चूक माझी आहे, फिलोमिनाबाईंची नाही आणि तुझीही नाही. चिठ्ठी दहाच्या आधी त्यांच्या हातात पडू दे.

तुझ्या शेऱ्याचं तू बघ. त्यात मी बोलणारा कोण. पण न बघता लिहायची सोय तुला मी करून दिली, एवढं माझ्या नावावर लाव.

अण्णा

० ० ०

होसाकेरी
२२ डिसेंबर २००९

ती. अण्णा आणि अत्तिगे,

दहा तारखेला तुम्ही दुपारच्या बसनं निघून गेलात, त्यानंतरचं लिहिते.

तुम्ही बोलत होतात तेव्हा सभेत कुणी हललं नाही. गेल्यावर मात्र सगळ्यांना एकदम कंठ फुटला. डॉक्टर मेटगूडांचे कान लाल झाले होते. वरच्या साहेबांसमोर त्यांचा कागद खोटा ठरला होता. बाहेर व्हरांड्यात मला म्हणाले की तुझ्या त्या पाटावरच्या आजोबांनी माझं नाक कापलं. मी म्हटलं, डॉक्टर, शेरा माझ्या हातचा आहे, तोही खोटा आहे, तो मी परत घेते, लेखी.  मग म्हणाले, 'यंत्रही नको आणि तुझा शेराही नको. तिला घेऊन या. हातानं करून दाखवू दे. मी स्वतः बघणार.'

सतराला बघितलं. टेबलावर रबरी बाहुली ठेवली, शेजारी फुगा आणि मुखवटा. खोलीत आम्ही सात-आठ जणी. डॉक्टरांनी घड्याळ हातात धरलं आणि म्हणाले, 'जन्मलंय. रडत नाही.'

फिलोमिनाबाईंचा उजवा हात बाहुलीच्या पायाकडे गेला.

सगळ्यांनी पाहिलं. डॉक्टरांनी पाहिलं. अंगठा घोट्याला टेकलासुद्धा. मला मागं उभं राहून त्यांची कंबर धरावीशी वाटली. मग तो हात तिथंच थांबला. अर्धा क्षण असेल. तिथून तो वर आला, मान सरळ केली, मुखवटा घेतला, अंगठा आणि बोटाचं कडं केलं, आणि दुसरा हात दाबू लागला. दाब, दोन, तीन. ओठ हलत होते, आवाज नव्हता.

डॉक्टर म्हणाले, 'पुन्हा.' दुसऱ्या खेपेला हात थेट तोंडाकडे गेला. तिसऱ्या खेपेलाही. चौथ्यांदा करायला कुणी सांगितलं नव्हतं, त्यांनी आपणहूनच बाहुली पुसून परत मांडली. डॉक्टरांनी घड्याळ खिशात घातलं. बाकीच्या जणींकडे वळून म्हणाले, 'आता तुम्ही एकेक जण या.' रत्नाक्काचा चेहरा तुम्ही बघायला हवा होता.

आदेश रद्द झालाय. किल्ली मी फिलोमिनाबाईंच्या हातात दिली तेव्हा माफी मागितली. त्या म्हणाल्या, 'वीस वर्षांची होतीस तेव्हाही असंच भलत्या वेळी रडायचीस,' आणि बसला उशीर होतो म्हणून निघून गेल्या.

प्रोग्रामचं वाईट वाटून घेऊ नका असं लिहिणार होते, पण वाईट वाटण्यासारखंच आहे. नऊ तालुक्यांना तो नको झालाय. आता डॉक्टर दर तीन महिन्यांनी बाहुलीवर हात बघणार. फिल्म मात्र खोलीत लागते, साध्या प्लेअरवर, नोंद-बिंद काही नाही. पट्टी ओढण्यावरून बायका भांडतात. माझं बघून होऊ दे, तू मागं नको नेऊस. कालच एकीनं दुसरीच्या हातावर चापट दिली.

तुमची सीडी डबीत घालून परत पाठवतेय. या खेपेला डबी रिकामी नाही. फिलोमिनाबाईंनी केळगिनमनेची कोकमं दिलीत, 'त्या यंत्रवाल्या अण्णांना,' म्हणून. झाकण लागत नव्हतं, दोरा बांधलाय.

वेदावती

० ० ०

कोडगीबैल
५ जानेवारी २०१०

चि. वेदावती,

डबी पोचली. कोकमांचा रंग सीडीला लागलाय, ती आता चालेल असं वाटत नाही. असू दे. सरोजानं ताक घालून कोकमाची तंबळी केली. बाईंना सांग, अण्णांनी दोनदा वाढून घेतली.

एक कॉपी घरच्या कंप्युटरवर होती, ती काढून टाकायला बसलो होतो. मग मनात आलं, ही फिल्म आपण कधी पाहिलीच नाही. आठ महिने हाताळली, सुरुवात पाहिली, शेवट पाहिला. मधलं काही ठाऊक नाही आणि आवाज तर ऐकलेलाच नाही. म्हणून आवाज लावला आणि सुरू केली.

सरोजा स्वयंपाकघरात होती. पदराला हात पुसत आली. मला वाटलं, अंगणात निघालीय. ती आली आणि शेजारच्या स्टुलावर बसली. मी तिच्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर ती उठली असती.

सातवं मिनिट आलं. ती बाई, तो फुगा. दाब, दोन, तीन.

'जरा मागं घ्या,' सरोजा म्हणाली.

मी मागे नेली.

'पुन्हा.'

चार वेळा नेली. चौथ्यांदा तिनं विचारलं, 'हे तेव्हा कुणाला ठाऊक होतं का हो?'

मी म्हटलं, आपल्याकडे कुणाला नव्हतं.

 मग ती म्हणाली, 'म्हणजे त्या सुईणीला मी एकेचाळीस वर्षं उगीच...' आणि अर्ध्यावरच थांबली. आमच्या बाळाच्या वेळची ती सुईण जाऊनही आता बारा वर्षं झाली. तिच्या घरावरून जायचं पडलं तर सरोजा ओढ्याकाठच्या वाटेनं वळसा घालून जायची. मला वाटायचं, सावलीसाठी जाते.

फिल्म पुढे चालली. आकडेवारी, आभार, सगळं. आम्ही दोघं शेवटपर्यंत बसलो. या घरात 'संपलो' ही हाक पहिल्यांदाच, कुणी पट्टी न ओढता, आपली आपण आली. म्हाताऱ्यानं लिहिलं, 'मागे नेली, चार वेळा. पूर्ण पाहिली.'

प्रोग्राम काढून टाकायचा राहिला. राहू दे म्हणतोय.

सरोजा सकाळी मंगळवारच्या बाजाराला गेली. ओढ्याकडे वळली नाही, सरळ वाटेनं गेली. मी दारातून बघत होतो.

तुझा,
अण्णा